खुर्चीतला तेल्मो

१

सकाळी सहाला मी माठातून अर्ध्या लिटरची बाटली भरतो आणि खिडकीच्या फळीवर ठेवतो. ते निन्फाचं दिवसाचं पाणी. गोळ्या त्याच पाण्यात, आणि वाटीभर रस्सा प्यायली तर तोही त्यातूनच वजा. साखरेनं तिची मूत्रपिंडं खाल्ली, उजवं पाऊल खाल्लं, मग डोळे खाल्ले. आता तिला उजेड कळतो आणि माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार गाडी येते, तिला शहरात नेते, चार तास यंत्रातून रक्त धुऊन परत आणून टाकते. बाकीचे चार दिवस ती, मी आणि ती बाटली.

मनाबीत, म्हणजे केळीच्या मुलखात, जन्मलेल्या बाईला केळं खाऊ नको म्हणणं म्हणजे पाद्र्याला भरल्या ताटावरून ऊठ म्हणणं. मी कच्चं केळं चिरतो, उकडतो, पाणी फेकतो, पुन्हा नव्या पाण्यात उकडतो. त्यानं म्हणे त्यातलं वाईट निघून जातं. चांगलंही जातं.

"हे काय आहे रे?" निन्फा चाचपून विचारते.

"केळं."

"कधी वारलं?"

अशी आहे ती. चाळीस वर्षं मी गावाची टिंगल केली आणि हिनं माझी.

मी तेल्मो. शिकलो चार यत्ता, त्यातली चौथी दोनदा, कारण मास्तरांच्या टोपीत बेडूक निघाला होता. वय एकाहत्तर. गावात असा माणूस सापडणार नाही ज्याला मी एकदा तरी उल्लू बनवलेलं नाही. मढ्यालाही सोडलं नाही. कोलोनच्या बापाच्या शवपेटीत गजराचं घड्याळ ठेवणारा मीच. तेव्हा रडायला बसू नका. हे रडगाणं नाही. मला राग आलाय, आणि तो कुणावर काढावा ते ठरवायला मी हे लिहितोय.

पहिला नंबर शहरातल्या यंत्राजवळच्या नर्सबाईचा. याडिरा नाव. पोरगी गुणी आहे, पण तिनं मला एक रंगीत कागद दिला. वर एक गोरी बाई मांडी घालून डोळे मिटून बसलेली. खाली लिहिलेलं: आजाऱ्याची सेवा करणाऱ्यानं स्वतःचीही काळजी घ्यावी. रोज दीर्घ श्वास घ्या. मित्रांना भेटा. मदत मागायला लाजू नका.

"आजोबा, तुम्ही शेवटचं घराबाहेर कधी पडलात?" याडिरानं विचारलं.

"आत्ताच. घराबाहेरच आहे की."

"हसू नका. तुमचा रक्तदाब बघा. दुपारचे दोन तास तरी स्वतःला द्या. नाहीतर आजीच्या आधी तुम्ही जाल."

दोन तास द्या! जशी काही माझ्या खिशात तासांची मोड होती. निन्फाच्या पलंगाशी माझी वेताची खुर्ची आहे. त्या खुर्चीत आकार दिसला नाही की तिला धाप लागते. मी परसात गेलो तरी तिची हाक आंब्यापर्यंत येते. "तेल्मो! तेल्मो, खुर्ची रिकामी आहे!"

आणि मदत मागायची तर कुणाला? शेजारी निन्फाची धाकटी बहीण राहते, आउरिस्तेला. अकरा वर्षांपूर्वी एकतीस डिसेंबरला मी तिचा बाहुला केला होता. आमच्याकडे सरत्या वर्षाचा बाहुला करतात, जुने कपडे घालून भुसा भरतात, त्याचं थट्टेचं मृत्युपत्र वाचतात आणि रस्त्यात जाळतात. सगळे करतात. मी तिच्या बाहुल्याला तांबड्या कापडाची गजभर जीभ शिवली आणि मृत्युपत्रात ती जीभ गावाला दान दिली. लोक हसून लोळले. तिला बघायला आलेला पाहुणाही हसला, आणि पुन्हा आला नाही. तेव्हापासून ती मी बाहेर असतानाच पायरीपर्यंत येते, बहिणीशी बोलते आणि जाते. आमच्या घराची उंबरठ्याची फळी तिनं ओलांडलेली नाही.

तर मदत मागा म्हणे. लाजू नका.

२

युक्ती सुचली नोव्हेंबरच्या शेवटी, दुपारी अडीचला, निन्फाचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन बसलो असताना. डिसेंबर आला की मी बाहुला करतोच. यंदा तो जरा लवकर करायचा. आणि यंदा महापौर नको, पाद्री नको. यंदा मी.

माझी निळी विजार, माझा पांढरा लांब बाह्यांचा सदरा. हातांना पांढरे मोजे. सुताराकडून तीन पोती भुसा आणला. मुखवट्यासाठी स्वतःच्याच तोंडावर खळीत भिजवलेले कागद चिकटवले आणि ते वाळेपर्यंत पपईच्या पोकळ देठातून श्वास घेत बसलो.

"एवढा वेळ गप्प?" निन्फा पलंगावरून म्हणाली. "मेलास की काय?"

मला बोलता येईना. हसू आलं तर कागद फाटणार.

"मेला असशील तर सांग बाबा. मी तहानलेय, उगाच तुझी वाट बघायला नको."

वाळल्यावर मुखवटा निघाला तो हुबेहूब. वर गवती टोपी ठेवली, हात मांडीवर ठेवले, पाय एकमेकांवर टाकले, मी टाकतो तसे. लांबून बघितलं तर मलाच नमस्कार करावासा वाटला.

पहिल्या दिवशी दोनला मी तिच्या तोंडात बर्फाचा खडा दिला, दिवसाच्या पाण्यातला, आणि म्हणालो, "झोप आता. मी इथंच आहे." मग खुर्चीतून उठलो, बाहुला बसवला आणि चोरासारखा उतरलो. आमची घरं खांबांवर असतात, जिना लाकडी. प्रत्येक पायरी कुरकुरली. हाक आली नाही.

बदामाच्या झाडाखाली कोलोन डॉमिनो मांडून बसला होता. हा झोपाळे विणतो, एक दात सोन्याचा आणि बाकीचे नाहीत.

"अरे, हा कोण पाहुणा?" तो म्हणाला. "तुरुंगातून सुटला वाटतं."

"बापाचं घड्याळ वाजतंय का रे अजून?"

"बस, हरामखोरा. सोंगटी चोरलीस तर हात तोडीन."

मी तीन चोरल्या. पोट धरून हसलो. दीड वर्षात पहिल्यांदा माझा खांदा दुखायचा थांबला. चारला परत आलो तर निन्फा शांत पडलेली, तोंड खुर्चीकडे.

"झोप लागली तुला?" मी बाहुला उचलून दाराआड ठेवत विचारलं.

"लागली की. तू होतास ना."

गंमत बघा. मी होतो ना.

३

आठवडाभर असं चाललं. मी मुद्दाम सांगतो की त्या आठवड्यात मी बरा नवरा होतो. रात्री चिडलो नाही. ओल्या चादरीवरून शिव्या दिल्या नाहीत. रंगीत कागदावरच्या गोऱ्या बाईला मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

मग एका शनिवारी निन्फा म्हणाली, "आज तुझा हात किती गार होता. बरं वाटलं."

"कधी?"

"दुपारी. कपाळावर ठेवला होतास की."

झोपेत माणूस काय काय बघतो. मी बाहुला दाराआड न्यायला उचलला. उजवी बाही ओली होती, कोपरापर्यंत. मोजा पिळला तर थेंब पडले.

कौलाकडे बघितलं. पाऊस नव्हता. सकाळी मीच बाटली भरताना सांडलं असेल, सदरा दोरीवर वाळला नसेल, दमट हवा आहे. कारणं शोधण्यात मी तरबेज आहे, आयुष्यभर तोच धंदा केला. सदरा वाळत टाकला.

सोमवारी यंत्राला जोडण्याआधी याडिरानं निन्फाला वजनकाट्यावर घेतलं, आणि तिचा चेहरा उतरला. मला बाजूला ओढलं.

"साडेचार किलो, आजोबा! तीन दिवसांत! हे सगळं पाणी आहे. काय करताय तुम्ही?"

"अर्धा लिटर. रोज. आईशपथ."

"आजीच्या फुप्फुसात पाणी साठलंय. आणखी दोन-तीनदा असं झालं तर हृदय थांबेल, आणि मग हे यंत्र काही करू शकणार नाही. घरात कोण देतं तिला पाणी?"

"कुणी नाही. घरात मी एकटाच असतो."

बोललो आणि माझंच वाक्य मला आवडलं नाही.

४

राग येतो तेव्हा तो जवळच्यावर येतो. मी तडक आउरिस्तेलाच्या पायऱ्या चढलो. अकरा वर्षांनी. ती शेंगदाणे भाजत होती.

"माझ्या मागं घरात शिरून बहिणीला पाणी पाजतेस?"

तिनं उलथनं खाली ठेवलं. "भावजी, तुमच्या घरात? मी? त्या दारातून माझं प्रेत नेलं तरी मी उठून परत येईन."

"मग कोण पाजतं?"

"तुम्हीच असता की दुपारभर. माझ्या पायरीवरून दिसता मला, टोपी घालून खुर्चीत. आजारी बायकोजवळ टोपी घालून बसतात, एवढी अक्कल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एक खरं सांगू? मला वाटलं माणूस सुधारला. काल तिचे केस विंचरताना बघितलं तुम्हाला."

"काल किती वाजता?"

"तीनच्या सुमारास. का?"

काल तीनला मी कोलोनची डबल सहा विजारीत खोचत होतो. मला वाटलं, ही बया अकरा वर्षांचा सूड उगवतेय, आणि झकास उगवतेय. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मंगळवारी मी माझ्या धंद्याला जागलो. माठ त्याच खोलीत असतो, कोपऱ्यात, पलंगापासून सात पावलांवर. मी माठात काडी बुडवून पाण्याची खूण केली. दारापासून माठापर्यंत, पलंगाभोवती, सगळ्या जमिनीवर गव्हाचं पीठ चाळणीनं भुरभुरलं. बाहेर पडताना कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. बदामाखाली बसलो, पण सोंगट्या दिसेनात. तीनलाच उठलो.

दारातलं पीठ कुणी तुडवलेलं नव्हतं. पलंगाभोवतीचंही नाही. निन्फाच्या एकुलत्या एका पावलाचा ठसा कुठं नव्हता, तळहातांचे नव्हते.

खुर्चीपासून माठापर्यंत मात्र पीठच नव्हतं. हातभर रुंद पट्टा, झाडून काढल्यासारखा, मधेमधे भुशाचे कण. पायाचे ठसे नाहीत. अर्ध्या भरलेल्या पोत्याला फरपटत नेलं आणि फरपटत आणलं तर असं दिसेल.

काडी बुडवली. पाणी चार बोटं उतरलं होतं.

बाहुला खुर्चीत होता. पाय एकमेकांवर. पण मी नेहमी उजवा डाव्यावर टाकतो, आणि आता डावा उजव्यावर होता.

५

"निन्फा," मी म्हणालो, "तू पाणी प्यायलीस."

"हो."

"कुणी दिलं?"

ती हसली. ओठ ओले होते तिचे, दीड वर्षात ओठ असे बघितले नव्हते, कातडी न सोललेले. "काय रे ही थट्टा? तूच दिलंस."

"मी नाही दिलं."

"मग कुणी, पाद्र्यानं? तूच म्हणालास, पी बाई, पोटभर पी, आता काय मोजत बसायचं. अर्ध्या लिटरनं का कुणी जगलंय? म्हणालास, एकदाची पी, म्हणजे दोघंही सुटू."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

हे लिहिताना हात जड होतोय, पण आता अर्ध्यावर सोडत नाही. ते वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द माझं. मी ते कधी उच्चारलं नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी, ती तिसऱ्यांदा ओकल्यावर, परसात चादर धूत असताना मी ते मनात म्हणालो होतो. चादरीशी. साबणाशी. मग लाज वाटून तोंडावर पाणी मारलं होतं.

तुमच्यापैकी कुणी आजाऱ्याचं केलं असेल आणि म्हणत असेल की असं कधी मनात आलं नाही, तर तो माझ्यापेक्षा मोठा थापाड्या आहे. त्याला माझा सलाम.

"आणि आवाज न चढवता म्हणालास," निन्फा म्हणाली. "हल्ली दुपारी तू किती गोड असतोस, तेल्मो. सकाळी का नसतोस?"

मी दुपारी बाहेर जायचं बंद करायला हवं होतं. साधी गोष्ट. पुढचे दहा दिवस केलंही बंद. बाहुला खाली खांबांमध्ये, पोत्यांच्या मागं टाकला. वजन ताळ्यावर आलं, याडिरा खूश झाली. आणि माझा खांदा पुन्हा धरला, रात्री मी निन्फाच्या हातातून पेला हिसकावला, तिच्या मनगटावर वळ उठला. ती एवढंच म्हणाली, "दुपारचा तू कुठं गेलास?"

मला मत्सर वाटला. भुशाचा! स्वतःच्याच विजारीचा!

म्हणून त्याला परत वर आणला. मला पकडायचा होता. एवढंच कारण होतं, असं मी मला सांगितलं.

६

तो रविवार होता, अठ्ठावीस डिसेंबर. निष्पाप बाळांचा सण, आमच्याकडे फसवाफसवीचा दिवस, 'निष्पाप' म्हणत एकमेकांना उल्लू बनवायचा. मी दाणदाण पावलं आपटत उतरलो, कुलूप खडखडवलं, आणि घराला वळसा घालून मागं आलो. तिथं जमीन चढती आहे, उभ्यानं कुडाच्या फटीला डोळा लावता येतो. बांबूचा कूड, फटी बोटभर.

ऊन असं होतं की कोंबड्याही गप्प. आत निन्फाचा श्वास ऐकू येत होता, तळाशी पाणी असलेला, घुरघुरणारा. एक माशी. मग काही नाही.

मग वेत कुरकुरला. माणूस उठल्यावर खुर्ची हलकी होऊन कुरकुरते तसा.

मग फरफट. सावकाश. म्हाताऱ्यासारखी, घाई नसलेली. माठाचं झाकण लाकडावर टेकलं. ओगराळं माठाच्या कडेला लागलं, टक्क. आणि खोकला आला. दोन आखूड, एक लांब. माझा खोकला. मी तोंडावर हात दाबला आणि खात्री केली की तो माझ्या तोंडून आलेला नाही.

फटीतून सगळं दिसत नाही. उशीचा कोपरा दिसला. निन्फाची हनुवटी वर झालेली. हनुवटीखाली पांढरा मोजा, मी धरायचो तसा, बोटं जरा वाकडी. पेला. तिचा गळा वरखाली होत होता. आणि पाणी मोज्यातून, बाहीतून, कोपरातून टपटप पडत होतं, कारण भुसाही पीत होता. वर टोपीची कड. टोपीखाली मी बघितलं नाही.

निन्फा हसली. माझ्यासाठी हसायची तसं.

मी ओरडायला हवं होतं ना? कूड लाथेनं मोडणारा आहे. मी ओरडलो नाही. मी तिचा गळा बघत राहिलो. किती छान पीत होती! मला वाटलं, पिऊ दे. पेला रिकामा होईपर्यंत मी उभा राहिलो, आणि ओगराळं दुसऱ्यांदा टक्क वाजलं तेव्हा कुठं पाय हलले.

कुलपात किल्ली जाईना. गेली तेव्हा आत सगळं जागच्या जागी होतं. बाहुला खुर्चीत, टोपी सरळ. निन्फानं दाराच्या आवाजाकडे मान केली, मग घाबरून खुर्चीकडे वळली.

"तेल्मो," ती बाहुल्याला म्हणाली, "दारात कुणीतरी आलंय. घालव रे त्याला."

मी जिन्यावर येऊन बोंब मारली. "कोलोन! या रे कुणीतरी! बाहुला पाणी पाजतोय तिला! मारून टाकेल!"

बदामाखाली हशा पिकला. असा हशा मी आयुष्यभर लोकांकडून कमावला होता.

"निष्पाप! निष्पाप!" कोलोन सोन्याचा दात दाखवत ओरडला. "या वर्षीची झकास आहे, तेल्म्या! पण आम्ही नाही फसणार!"

"आईच्यान सांगतो!"

"शवपेटीतल्या घड्याळाच्या वेळी पण आईचीच शपथ घेतली होतीस!"

कुणी उठलं नाही. मी एकट्यानं त्याला पाठीवर घेतला. तीन पोती भुसा मीच भरला होता, मला त्याचं वजन माहीत होतं. हे ते वजन नव्हतं. हे ओळखीचं वजन होतं, निन्फाला वजनकाट्यावर चढवताना माझ्या मानेत येतं ते. प्रत्येक पायरीवर माझ्या पाठीवरून कोमट पाणी ओघळत होतं.

परसात टाकून रॉकेल ओतलं. भर उन्हात जाळ दिसत नाही. फक्त हवा थरथरते आणि वस्तू काळी पडत जाते. ओला भुसा तडतडला, शिट्ट्या मारू लागला. मुखवटा कडेनं गुंडाळत गेला आणि तोंडाची फट रुंदावली. मी शिव्या दिल्या त्याला. मला येतात तेवढ्या सगळ्या, आणि त्या बऱ्याच आहेत. नर्सबाईला दिल्या, कागदावरच्या बाईला दिल्या, साखरेला, देवाला. वर निन्फा किंचाळत होती, "तेल्मो! तेल्मो जळतोय! कुणीतरी पाणी टाका रे!"

आउरिस्तेला तिच्या पायरीवर येऊन उभी होती. "तीन दिवस आधीच? कसली घाई झालीय, भावजी?"

मी राख होईपर्यंत उभा राहिलो, मग राख फावड्यानं नदीत टाकली.

७

सोमवारी निन्फाला दवाखान्यात ठेवून घेतलं. वाचली. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी घरी आणली, गालफडं बसलेली, पण श्वास मोकळा. ती माझ्याशी बोलेना. मी हात धरला की चाचपून बघायची आणि सोडून द्यायची.

"तू नाहीस," म्हणाली.

"मीच आहे, बाई. एकच आहे मी."

"तो गार होता."

त्या दुपारी मी खुर्चीतून हललो नाही. बाहुला जाळला होता, राख वाहून गेली होती. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली बघितली. डोळा लागला असावा.

निन्फाच्या हसण्यानं जाग आली. तीन वाजून गेले होते. ती ओठ चाटत होती. मी खुर्चीतच होतो, पाय एकमेकांवर, डावा उजव्यावर. ओगराळं माझ्या मांडीवर होतं. माझी उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती.

मी उठलो आणि सरळ आउरिस्तेलाकडे गेलो. जिना चढलो नाही. खालच्या पायरीवर गुडघे टेकले. एकाहत्तराव्या वर्षी ते सोपं नाही, आणि माझ्यासारख्याला तर त्याहून नाही.

"जिभेबद्दल माफी माग म्हणालीस तर मागतो," मी म्हणालो. "गावासमोर मागतो. पण दुपारी दोन ते चार बहिणीजवळ बस. आतून कडी लाव. कुणालाही उघडू नकोस."

"अठ्ठावीस तारीख होऊन गेली," ती म्हणाली.

"माहितीय. बाही बघ माझी."

तिनं बाही चिमटीत धरली, पिळली. मग आत जाऊन झग्याला हात पुसत आली आणि मुकाट माझ्या पुढं चालू लागली. उंबरठ्याची फळी ओलांडताना थांबली तेवढीच.

तेव्हापासून दुपारी ती आत असते आणि मी बदामाखाली. निन्फाचं वजन ताळ्यावर आहे. याडिरा म्हणते, बघा, मदत मागितली की नाही? मी दात दाखवतो.

काल चारला परत आलो तर आउरिस्तेला दार किलकिलं करून उभी. डोळे लाल.

"भावजी, तुम्हीच सांगितलं होतं उघडू नको म्हणून," ती म्हणाली. "मग दुपारभर मागच्या कुडाला तोंड लावून का उभे होतात? किती गोड बोलत होतात! फक्त एक पेला, आउरिस्तेला, एकच, मग दोघंही सुटू. माझा हात दोनदा कडीवर गेला."

"मी कोलोनकडे होतो. विचार त्याला."

विचारायची गरज पडली नाही. कोलोन मागूनच येत होता, माझी विसरलेली टोपी घेऊन.

"काय झालंय रे तुला आज?" तो म्हणाला. "दोन तास एक अक्षर बोलला नाहीस. सोंगटी चोरली नाहीस. खोकलाही नाही. मी तुझ्या आईवरून बोललो तरी ढिम्म." त्यानं टोपी उलटी करून झटकली. "आणि हा कचरा कुठून आणलास? माझा सगळा बाक भरलाय भुशानं."

मला कालची दुपार आठवून बघायची आहे. मी जिना उतरलो ते आठवतं. मग चार वाजता जिना चढलो ते आठवतं. माझ्या गालावर बांबूच्या कुडाचे वळ होते, उभे, बोटाबोटाच्या अंतरावर. ते मी संध्याकाळी आरशात बघितले.

आउरिस्तेला अजून दारात उभी होती. "उद्या काय करू?" तिनं विचारलं. "तुम्ही आलात तर?"

"उघडायचं नाही," मी म्हणालो. "मी शिव्या देत आलो तर एक वेळ विचार कर. गोड बोलत आलो तर मुळीच नाही."